भिंतीआधीचा कागद

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचे शब्दांकन. वक्ते मंडळाचे ज्येष्ठ सभासद व निवृत्त ड्राफ्ट्समन आहेत.)

मंडळाचे अध्यक्ष, कार्यकारिणीचे सभासद, सर्व काका-काकू, दादा-वहिनी, आणि खुर्च्या रिकाम्या असूनही मागे दाराशी उभी राहिलेली आमची तरुण मंडळी, सर्वांना नमस्कार.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘कला, विद्या आणि परंपरा’ असा भारदस्त विषय छापलेला पाहून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “यातल्या कुठल्या गोष्टीशी तुमचा संबंध आहे?” प्रश्न रास्त आहे. मी ३८ वर्षे ड्रॉइंग ऑफिसात काढली. क्रेनचे गर्डर, पाइपलाइनी आणि नट-बोल्ट यांखेरीज दुसरे काही काढले नाही. गणपतीला आपण चौदा विद्या आणि चौसष्ट कलांचा अधिपती म्हणतो. त्या चौसष्टांत क्रेनचा गर्डर बसतो की नाही, हे बाप्पालाच ठाऊक. तरी पण आज मी बोलणार आहे ते एका ड्रॉइंगबद्दलच, म्हणजे माझ्याच धंद्यातल्या वस्तूबद्दल. म्हणून थोडे धाडस करतो.

हे ड्रॉइंग पाचशे वर्षांपूर्वीचे आहे. कोळशाने आणि पांढऱ्या रंगाने कागदावर काढलेले. लांबी ८ मीटर, उंची पावणेतीन मीटरच्या वर. आपला हा रंगमंच आहे ना, साधारण तेवढे. इटलीत मिलान शहरात अँब्रोझियाना नावाचे जुने ग्रंथालय आणि चित्रसंग्रहालय आहे, तिथे ते एका मोठ्या काचेमागे ठेवलेले आहे. २०२२ साली मुलाकडे जर्मनीला गेलो होतो, तेव्हा त्याने आम्हाला मिलान दाखवायला नेले. बाकीचे लोक त्या चित्रातले चेहरे पाहत होते. मी मात्र काचेला नाक लावून भोके पाहत होतो. भोकांचे काय ते पुढे सांगतो. आधी चित्र कशाचे आहे ते पाहू.

ते काढले राफाएलने. १४८३ चा जन्म. १५०८ साली, म्हणजे वयाच्या पंचविशीत, तो रोमला आला आणि पोप दुसरा ज्यूलियस याने त्याला आपल्या महालातल्या खोल्या रंगवायचे काम दिले. त्यातली एक खोली, बहुतेक अभ्यासकांच्या मते, पोपची खासगी ग्रंथशाळा होती. चार भिंती आणि चार विद्या, अशी तिची मांडणी. एका भिंतीवर धर्मशास्त्र, एकीवर काव्य, एकीवर न्याय आणि एकीवर तत्त्वज्ञान. वर छतात प्रत्येक विद्येची एकेक स्त्री-मूर्ती बसवलेली आहे. विद्येला स्त्रीचे रूप द्यायचे आणि तिच्या हातात पुस्तक द्यायचे, ही गोष्ट शारदेच्या लेकरांना समजावून सांगायला नको. याला रूपकचित्र म्हणतात. तत्त्वज्ञानाच्या त्या देवीच्या हातात दोन ग्रंथ आहेत, आणि तिच्या वस्त्रावर आकाश, अग्नी, पाणी आणि पृथ्वी यांची चित्रे आहेत. दोन्ही बाजूंच्या बाळांनी पाट्या धरल्या आहेत. त्यांवर लॅटिनमध्ये लिहिले आहे, ‘कारणांचे ज्ञान’.

त्या देवीच्या खालच्या भिंतीवर जे चित्र आहे, त्याला जग आज ‘स्कूल ऑफ अथेन्स’ म्हणते. हे नाव राफाएलचे नव्हे, मागाहून पडलेले. १५०९ ते १५११ या काळात ते रंगवले गेले. भव्य कमानींखाली पन्नासहून अधिक माणसे आहेत. मधोमध प्लेटो आणि अ‍ॅरिस्टॉटल चालत येत आहेत. प्लेटोचे बोट आकाशाकडे आहे, अ‍ॅरिस्टॉटलने हाताचा पंजा जमिनीला समांतर धरला आहे. गुरू म्हणतो वर बघ, शिष्य म्हणतो आधी खालचे बघू. दोघांच्या हातातल्या पुस्तकांवर नावे आहेत, म्हणून या दोघांबद्दल शंका नाही. बाकीच्यांची यादी राफाएलने ठेवलेली नाही. परंपरेने लोकांनी त्यांना ओळखले आहे.

यात गंमत अशी, की हे सगळे लोक एका काळातले नाहीत. पायथागोरस ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकातला, प्लेटो-अ‍ॅरिस्टॉटल त्याच्या नंतरचे, टॉलेमी इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. पायथागोरसच्या मागून वाकून पाहणारा एक फेटेवाला आहे. तो कॉर्डोव्याचा इब्न रश्द मानला जातो, म्हणजे बाराव्या शतकातला. अ‍ॅरिस्टॉटलवर त्याने लिहिलेली भाष्ये युरोपात पिढ्यान् पिढ्या अभ्यासली गेली. पोपच्या घरात ख्रिस्ताच्या आधीचे ग्रीक आणि एक मुसलमान पंडित, सगळे एका पायरीवर! कुणी म्हणेल, हे खोटे आहे, असे कधी घडलेच नाही. अहो, पण आपल्याकडे कॅलेंडरवर विठोबाच्या भोवती ज्ञानदेव, एकनाथ, तुकाराम एकत्र उभे असतात, तेव्हा आपण सनावळी विचारतो का? ज्याने ज्याच्याकडून घेतले, त्याच्याजवळ त्याला उभे करायचे, एवढाच त्याचा अर्थ. परंपरा म्हणजे दुसरे काय असते?

आता दोन पाट्या पाहा. डावीकडे पायथागोरसच्या समोर एका मुलाने पाटी धरली आहे. तिच्यावर ६, ८, ९, १२ हे आकडे आहेत. आमच्या संगीतप्रेमी मंडळींनी कान द्यावा. ६ ला १२, म्हणजे एकास दोन. हे षड्जापासून तारषड्जाचे अंतर. ६ ला ९, म्हणजे दोनास तीन, हा षड्ज-पंचम. ६ ला ८, म्हणजे तीनास चार; हा षड्ज-मध्यम. दर गुरुवारी आपल्या भजनी मंडळात तंबोरा सा-पा असा लागतो, तोच हिशेब व्हॅटिकनच्या भिंतीवर आहे. खाली एक, दोन, तीन, चार असे उभे दांडे काढून बेरीज १० मांडली आहे. गाणे आणि गणित एकाच पाटीवर.

दुसरी पाटी उजवीकडे, जमिनीवर. युक्लिड वाकून कंपासाने आकृती काढतो आहे. त्याचा चेहरा ब्रामान्ते या वास्तुशिल्पकाराचा आहे, असे जुने लेखक सांगतात. भोवती चार पोरे आहेत. एक पाटीवर वाकलेला आहे, अजून त्याला कळायचे आहे. एकाला आत्ताच कळले आहे आणि तो मान वर करून शेजाऱ्याकडे पाहतो आहे. वर्गावर शिकवलेल्या कुणालाही ही चारही पोरे ओळखीची वाटतील. मला तर आमच्या ड्रॉइंग ऑफिसातले शिकाऊ उमेदवार आठवले, आणि त्याहून आधी मी स्वतः.

हे झाले भिंतीवरचे. मिलानमध्ये जे आहे, ती भिंत नव्हे. ते भिंतीच्या आधीचे ड्रॉइंग आहे, त्याच मापाचे, फुल साइझ. इटालियनमध्ये मोठ्या जाड कागदाला ‘कार्तोने’ म्हणतात, त्यावरून अशा आराखड्याला ‘कार्टून’ हा शब्द पडला. हसू येणारे चित्र हा अर्थ फार पुढचा. १८४३ साली लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकाने संसदेसाठी केलेल्या अशाच आराखड्यांची टिंगल केली, तेव्हापासूनचा.

ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर चित्र काढायचे तर हाताशी काही तासच असतात. गिलावा वाळला की रंग धरत नाही. म्हणून सगळा विचार आधी कागदावर पुरा करावा लागतो. राफाएलने दोनशेहून अधिक कागद एकमेकांना चिकटवून हा मोठा ताव तयार केला, त्यावर कोळशाने सगळी माणसे काढली, आणि मग सगळ्या बाह्यरेषा सुईने टोचल्या. तीच ती भोके. अशा कागदावरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी थोपटली, की भुकटी भोकांतून खाली उतरते आणि गिलाव्यावर ठिपक्यांची रेघ उमटते. आपल्याकडे राजस्थानात, पहाडी मुलखात आणि मोगलांच्या चित्रशाळांतही असेच करीत. त्याला ‘खाका’ म्हणत. खाक म्हणजे धूळ, त्यावरून खाका. आपण मराठीत ‘योजनेचा खाका तयार आहे’ असे सहज म्हणतो, त्या शब्दात ही धूळ आहे.

पण मिलानच्या या खाक्याला धूळ थोपटून काम झालेले नाही आणि भिंतीवर चढवण्यासाठी त्याचे तुकडेही केलेले नाहीत. अभ्यासक सांगतात, की त्याच्याखाली दुसरा साधा कागद ठेवून दोन्ही एकदम टोचले. खालच्या कागदाचे तुकडे कापून ते रोज भिंतीवर वापरले. तो चुन्या-कोळशात संपून गेला. वरचा मात्र जपून ठेवला.

हे तिथल्या माहितीफलकावरून मुलाने मला वाचून दाखवले आणि मी तिथल्या बाकावर बसलो. कारण दोन कागद एकदम टोचणारे एक माणूस मी घरात पाहिले होते.

माझी आई. शिक्षण मराठी चौथी. १९७९ साली मी नोकरीला लागलो आणि दोन वर्षांनी ती इथे माझ्याकडे आली. हिंदी येत नव्हते. शेजारी एक तेलुगू कुटुंब, पलीकडे पंजाबी, समोर उडिया. आईची सगळ्यांशी ओळख झाली ती भरतकामातून. मी ऑफिसातून ट्रेसिंग पेपरच्या टाकाऊ पट्ट्या, साहेबांना विचारून, घरी आणत असे. आई त्यावर वेलबुट्टी काढायची. मग घडी घातलेल्या गोधडीवर दोन कागद एकावर एक ठेवायची आणि दुपारभर सुईने टोचत बसायची. रॉकेलमध्ये नीळ कालवून कापसाच्या बोळ्याने कागदावरून फिरवली, की खालच्या कापडावर निळे ठिपके उमटत. शेजारणी नमुने मागायला येत. आई एक कागद देऊन टाकायची, दुसरा डब्यात ठेवायची. मी एकदा विचारले, “दोन-दोन कशाला टोचतेस?” ती म्हणाली, “अरे, वापरला की तो कागद नासतो. वापरायचा वेगळा, ठेवायचा वेगळा.”

बिस्किटांचा मोठा चौकोनी पत्र्याचा डबा होता. त्यात तिचे सगळे ठेवायचे कागद होते. काही तिच्या आईचे, माझ्या आजीचे. १९९४ मध्ये आई गेली. २०१७ मध्ये मी निवृत्त झालो आणि क्वार्टर सोडायचे होते. सामान आवरताना तो डबा निघाला. पिवळे पडलेले, तेलकट, भोके पडलेले कागद. हिने विचारले, “काय करायचे?” मी म्हणालो, “आईने भरलेला टेबलक्लॉथ आहे, उशांचे अभ्रे आहेत. हे काय करायचे? द्या रद्दीत.” डबा मात्र मी ठेवला. त्यात आता स्क्रू आहेत.

मंडळी, माझा सगळा जन्म ड्रॉइंगवर गेला. छापून निघालेली प्रत फाटली तर काही बिघडत नाही, मूळ ट्रेसिंग सांभाळावे लागते, हे मी किती शिकाऊ पोरांना ओरडून सांगितले असेल! आणि घरातले मूळ मी किलोच्या भावाने दिले. गेल्या वर्षी नातीने त्या अभ्र्यावरच्या मोराकडे बोट दाखवून विचारले, “हा पणजीने कसा काढला?” दोरा झिजला आहे, मान नीट दिसत नाही. मला तो मोर पुन्हा काढता आला नाही. गर्डर काढणारा हात, पण मोर येईना.

राफाएलच्या कागदाला माझ्यासारखा कारभारी भेटला नाही, हे जगाचे नशीब. कार्डिनल फेदेरीको बोर्रोमेओ यांनी तो १६१० पासून अँब्रोझियानात आणून ठेवला होता, आधी उसना. १६२६ साली त्यांनी मालकिणीला ६०० लिरा मोजून तो विकत घेतला. त्या काळात ही रक्कम मोठी होती, आणि तीही रंग नसलेल्या, टोचलेल्या कागदासाठी! पण त्यांनी तिथे १६२० मध्ये चित्रकलेची शाळाही काढली होती. विद्यार्थ्यांनी पाहून शिकावे म्हणून त्यांनी चित्रे आणि रेखाटने जमवली. भिंतीवरचे पुरे चित्र पाहून माणूस थक्क होतो. हात कसा चालला, ते मात्र खाक्यावरून कळते. पुढे १७९६ मध्ये नेपोलियनच्या फौजेने हा कागद पॅरिसला नेला. त्याचा पाडाव झाल्यावर तो परत आला. २०१४ पासून चार वर्षे त्याची दुरुस्ती चालली आणि २०१९ मध्ये तो पुन्हा लोकांसमोर मांडला. चारशे वर्षे कुणी ना कुणी ‘हे काय करायचे?’ या प्रश्नाला ‘ठेवायचे’ असे उत्तर देत आले.

आता या कागदावर काय नाही, तेही सांगतो. भिंतीवरच्या त्या भव्य कमानी कागदावर नाहीत. माणसे आहेत, त्यांचे हात आहेत, कोण कोणाकडे वळले आहे ते आहे. इमारत मागाहून आली. आपलेही तसेच आहे. हे सभागृह उभे राहिले त्याच्या कितीतरी आधी आपला गणपती एका क्वार्टरच्या व्हरांड्यात बसत असे. माणसे आधी एकमेकांकडे वळली, मग भिंती झाल्या.

आणि दुसरी नसलेली गोष्ट. भिंतीवर पुढच्या बाजूला, पायऱ्यांपाशी, एक माणूस दगडाला टेकून एकटाच बसला आहे. गालाला हात, दुसऱ्या हाताने लिहितो आहे, कुणाकडे पाहत नाही. त्याला हेराक्लिटस म्हणतात. कागदावर ती जागा कोरी आहे. चित्र बहुतेक पुरे झाल्यावर राफाएलने तिथला गिलावा काढून त्याला नव्याने बसवले. तो मायकेलअँजेलोसारखा दिसतो, असे बरेच जण मानतात. मायकेलअँजेलो तेव्हा जवळच सिस्टीन चॅपेलचे छत रंगवत होता. वयाने मोठा, स्वभावाने तिरसट, राफाएलचा प्रतिस्पर्धी. हे मत खरे असेल, तर पाहा, राफाएलने आपल्या पुऱ्या झालेल्या चित्रात, सगळ्यांत पुढे, त्याला जागा करून दिली. तीही त्याच्याच धाटणीने काढून. खाका जपला म्हणून नवा माणूस आत येऊ शकत नाही, असे नव्हे. उलट पक्का खाका असला, तरच कुठे जागा करता येईल हे कळते.

हे मी दाराशी उभ्या असलेल्यांसाठी सांगतो आहे. गेली काही वर्षे आपल्या सभेत तेच ते वाद होतात. तरुण म्हणतात, कार्यक्रम जुनाट झाले. आम्ही म्हणतो, परंपरा बुडाली. खरे सांगायचे तर आम्ही तुम्हाला भिंत दाखवतो, खाका दाखवत नाही. तयार आरास दाखवतो, ती कशी बांधली ते सांगत नाही. तीनशे माणसांच्या महाप्रसादाचे प्रमाण दोन काकूंच्या वहीत आहे आणि त्या वहीची दुसरी प्रत नाही. आपण केलेल्या नाटकांच्या संहिता, समासात पेन्सिलीने हालचाली लिहिलेल्या, कुणाच्या तरी माळ्यावर आहेत. रांगोळीच्या ठिपक्यांच्या वह्या आहेत. हार्मोनियमवर पट्ट्यांचे आकडे चिकटवून शिकवणाऱ्या आजी गेल्या, त्यांची वही कुठे आहे?

म्हणून कार्यकारिणीला माझी विनंती आहे. वाचनालयातले एक कपाट रिकामे करावे. तुमच्या घरातले असे टोचलेले, खोडलेले, तेलाचे डाग पडलेले कागद तिथे आणून द्या. दोन प्रती करा. वापरायची वेगळी, ठेवायची वेगळी. आता तर मोबाइलवर फोटो काढला की प्रत झाली, सुई टोचायलाही नको. आणि हे काम पोरांना एकट्याने देऊ नका, म्हाताऱ्यांनाही एकट्याने देऊ नका. युक्लिडच्या पाटीभोवती बसतात तसे बसा. ज्याला कळले त्याने शेजाऱ्याला सांगावे.

मी पहिला कागद आणला आहे. हा पाहा. अभ्र्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून, भिंग लावून, मोराची जेवढी रेघ सापडली तेवढी मी काढली आहे. मान सापडली नाही. तिथे जागा कोरी ठेवली आहे. आईकडून नमुने नेलेल्या शेजारणींपैकी कुणाच्या घरी तो मोर असेल, तर कृपा करून मला सांगा. नाहीतर नात म्हणते, मान मी काढते. तिला म्हटले, काढ. पण आधी हे दोन कागद एकदम टोच.

एवढे बोलून थांबतो. गणपती बाप्पा मोरया!